चुकीच्या कबरीपाशी अडीच वर्षं

माणूस मातीत पूर्ण जायला किती दिवस लागतात, हा प्रश्न मला एकदा लग्नाच्या जेवणात विचारला गेला होता. विचारणारे गृहस्थ नवऱ्याचे मामा होते आणि त्यांच्या ताटात बिर्याणी होती. मी म्हटलं, "माती बघून सांगावं लागतं." त्यांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला.

मध्य मुंबईतल्या एका ख्रिस्ती दफनभूमीत माझी सगळी नोकरी गेली. आधी खड्डे खणले, नंतर मुकादम झालो. जागेचं नाव लिहीत नाही, कारण जी चूक सांगणार आहे ती माझी आहे. घर डिलाईल रोडला. वडील नगरकडून येऊन गिरणीत लागले, मीही तिथेच बदली कामगार होतो. गिरणी बंद पडल्यावर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "पाटोळे, खणायचं काम आहे, करशील का?" मला वाटलं पाण्याची पाइपलाइन असेल.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावून सांगायचं तर एवढंच, की मुंबईत मेलेल्यालाही कायमची जागा मिळत नाही. ज्यांच्या घराण्याच्या जुन्या कबरी आहेत त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांना दोन वर्षांसाठी कबर मिळते. मुदत संपली की ती उघडायची. माती चांगली असेल तर तोवर फक्त हाडं उरलेली असतात. घरचे लोक पांढरं कापड घेऊन येतात, आम्ही हाडं धुऊन त्यात बांधून देतो आणि ती भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली जातात. वर नावाची फरशी बसते. ज्यांचं कोणी येत नाही त्यांची हाडं विहिरीत जातात. विहीर म्हणजे विहीरच, फक्त पाणी नसलेली, वर लोखंडी झाकण.

माती सुती कपडा खाते, लाकूड खाते, पण पॉलिएस्टर तिला खाता येत नाही. लोक नवऱ्याला लग्नाचा सूट घालून पुरतात. दोन वर्षांनी नवरा नसतो, सूट असतो.

गिऱ्हाइकं म्हणू नये, पण दुसरा शब्द नाही. दादरचे एक निवृत्त गृहस्थ बायकोला मिळालेला कोनाडा बघायला आले आणि खाली उभे राहून वर बघत राहिले. कोनाडा वरच्या ओळीत होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला उंचीची भीती होती हो. तिसऱ्या मजल्यावर आयुष्य गेलं, पण कधी गॅलरीत आली नाही." मी खालच्या ओळीतला दिला. ऑफिसने विचारलं तर वरच्यात ओल येते असं सांगितलं.

दुसरं एक प्रकरण असं. एका दुपारी कोनाड्यांच्या भिंतीतून फोन वाजायला लागला. मी आणि सखाराम दोघेच होतो. सखाराम देवगडचा, माझ्या हाताखाली खणायला होता, मोठा धीराचा माणूस. तो फावडं टाकून फाटकापर्यंत गेला. रिंग बंद व्हायची, थोड्या वेळाने पुन्हा वाजायची. मी एकेका फरशीला कान लावत गेलो आणि आदल्याच दिवशी बसवलेल्या फरशीपाशी थांबलो. हाडांच्या कापडात बायकोने नवऱ्याचा मोबाइल पूर्ण चार्ज करून ठेवला होता आणि परळच्या घरातून ती त्याला फोन लावत होती. मी तिला कळवलं. ती म्हणाली, "उचलायला नको आहे कोणी. वाजतोय तेवढं कळलं तरी पुरे." फरशी काढली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो वाजला, मग बॅटरी संपली.

दुपारी एक ते तीन ही आमच्याकडची विचित्र वेळ. दफनं नसतात, फुलवाल्या झोपलेल्या असतात, कावळेसुद्धा दिसत नाहीत. भिंतीपलीकडे रस्ता असतो, पण त्याचा आवाज भिंतीशी येऊन थांबल्यासारखा वाटतो. नवीन माणसाला त्या वेळी मागे कोणी उभं असल्यासारखं वाटतं. जुन्या माणसालाही वाटतं, फक्त तो वळून बघत नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट लिहायला हवी. मी जन्माने ख्रिस्ती, रविवारी उपासनेला जाणारा, गीतं पाठ असलेला. पण या कामाने माझ्यातलं काहीतरी संपवलं होतं. कबरीच्या काठावर पाळक पुनरुत्थानाबद्दल बोलायचे तेव्हा मी दोरी सोडत उभा असायचो. त्यांचं बोलणं संपून लोक घरी जायचे. दोन वर्षांनी तीच कबर मी उघडायचो. मातीखाली काय असतं ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. हळूहळू मी मनाशी ठरवून टाकलं की शेवटी एवढंच असतं, एका कापडात मावेल इतकं. मग कोण कुठे पुरला, कोणाचं काय झालं, याला फारसा अर्थ राहत नाही. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. पण काम करताना हाताला ती माहीत होती.

हिल्डाबाई खोताच्या वाडीत राहायच्या. फोर्टमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या, नवरा आधीच गेलेला. त्यांचा मोठा मुलगा परदेशात होता. धाकटा नेल्सन त्यांच्याजवळ होता, तो तिशीच्या आत तापाने गेला. जुलै महिना होता, पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. त्या दिवशी आमच्याकडे शेजारशेजारी दोन दफनं झाली. एक नेल्सनचं. दुसरं मार्था नावाच्या म्हातारीचं. तिला वृद्धाश्रमाच्या गाडीने आणलं, सोबत ड्रायव्हर आणि एक सिस्टर. रजिस्टरमध्ये आडनावाची जागा रिकामी राहिली.

तात्पुरत्या कबरीवर आम्ही लोखंडी सळईला पत्र्याची पाटी लावून रोवतो. पाटीवर फक्त नंबर असतो. त्या रात्रीच्या पावसात दोन्ही पाट्या पडून पाण्याबरोबर एकीकडे वाहत आल्या. सकाळी मी त्या उचलल्या आणि परत रोवल्या. रजिस्टर आणून नकाशा बघायला दहा मिनिटं लागली असती. मी अंदाजाने रोवल्या. मला वाटलं, फरक काय पडतो.

हिल्डाबाई महिन्याभराने पहिल्यांदा आल्या. मग दर गुरुवारी यायला लागल्या, दुपारी, घडीचं स्टूल घेऊन. पाटीचा नंबर बघायच्या, स्टूल उघडायच्या आणि बोलायला लागायच्या. वाडीत कोणी घर विकलं, त्याच्या परदेशातल्या भावाशी फोनवर काय बोलणं झालं, नळाला पाणी कधी आलं. रडायच्या नाहीत. घरात स्वयंपाक करता करता माणूस बोलतो तसं बोलायच्या.

एकदा मी जवळून जात होतो तेव्हा त्यांनी हाक मारली. "पाटोळे, इकडे ये जरा. तुला एक विचारते, हसू नको."

"विचारा ना."

"मी नेल्सनशी बोलते. पण ऐकतंय ते दुसरंच कोणीतरी आहे."

"म्हणजे?"

"नेल्सन कधी माझं पूर्ण ऐकायचा नाही. मध्येच 'हां मम्मी, कळलं' म्हणून उठायचा. इथे तसं होत नाही. इथे कोणीतरी शेवटपर्यंत ऐकतं. बाईमाणूस असल्यासारखं वाटतं मला."

मी म्हटलं, "दुपारी इथे सगळ्यांनाच काही ना काही वाटतं, हिल्डाबाई."

त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

दोन वर्षं झाल्यावर मार्थाची मुदत संपली. नोटीस लावली, वृद्धाश्रमाला कळवलं, कोणी आलं नाही. तिच्या नंबरची कबर मी आणि सखारामने उघडली. कपडा उरला नव्हता, सुती असावा. हाडं लांब होती. सखाराम म्हणाला, "बाई लय उंच होती मरे." पायाच्या नळीला स्टीलची पट्टी होती, स्क्रूसकट. मी ती हातात घेऊन बघितली. म्हातारी कुठेतरी पडली असेल, ऑपरेशन झालं असेल, असं मीच मला सांगितलं. तेव्हा मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. हाडं, पट्टी, सगळं विहिरीत सोडलं.

मुलाची कबर उघडायला हिल्डाबाईंची हिंमत होत नव्हती म्हणून त्यांनी त्यांच्या फादरचं पत्र आणून सहा महिने वाढवून घेतले होते. ते संपल्यावर त्या आल्या. झाडाखाली स्टूल टाकून बसल्या. मांडीवर स्वतः कडेने दोरा घालून शिवलेलं पांढरं कापड होतं. आम्ही तीसेक पावलांवर कबर उघडली.

आधी निळा नायलॉन लागला. मग केस. करडी, लांब, नीट घातलेली वेणी. टोकाला रबर तसंच होतं.

सखारामने माझ्याकडे बघितलं. मी पट्टी आठवत होतो. पाट्यांची अदलाबदल झाली होती, तीही माझ्या हातून.

"झाकून टाक," सखाराम हळू म्हणाला. "केस नि साडी हयच ऱ्हवांदे. हाडां दी बांधून. म्हातारेक काय कळतला?"

मी तेच केलं. हे लिहायला आजही जड जातं. मी ती हाडं धुतली, कापडात बांधली आणि घेऊन हिल्डाबाईंकडे गेलो. त्यांनी बोचकं मांडीवर घेतलं, दोन्ही हात त्यावर ठेवले. मग म्हणाल्या, "त्याच्या पायातली पट्टी वेगळी दे. ती मी घरी ठेवणार आहे."

"कुठली पट्टी?"

"बाइकवरून पडला होता तेव्हा बसवलेली."

"मातीत गेली असेल ती."

"स्टील आहे ते, पाटोळे."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अजून एखादं खोटं मला सुचलं असतं, इतकी वर्षं काढली होती मी तिथे. पण ते मी शोधलं नाही. मी त्यांच्यासमोर मातीत बसलो आणि सांगितलं. पाट्या, पाऊस, विहीर, सगळं.

त्या ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी बोचक्याकडे बघितलं. "मग ही कोण?"

"मार्था. आडनाव नाही."

"बाई आहे."

"हो."

"मी तुला म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. मग त्यांनी बोचकं उचलून स्टुलावर ठेवलं, मला बाजूला सारलं आणि ऑफिसकडे चालू लागल्या. तक्रार लेखी दिली. मला नोकरीवरून काढावं असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

दफनभूमीच्या कमिटीची बैठक नऊ दिवसांनी होती. तोवर बोचक्याचं काय करायचं हे कोणी सांगेना, म्हणून ते माझ्या केबिनमध्ये कपाटावर राहिलं. सखारामने आत यायचं बंद केलं. डबा मी तसाच घरी न्यायचो. बायको म्हणाली, "अहो, सांगून टाकलंत ना सगळं? मग आता काय छळतंय?" काढून टाकतील याची भीती होतीच, पण तिच्याखाली दुसरं काही होतं.

पाचव्या की सहाव्या दुपारी मी चौकशीसाठी जुनी नोंद काढली आणि खात्री करायला मोठ्याने वाचली. "मार्था. स्त्री. वय अंदाजे सत्तर. नातेवाईक नाहीत." वाचून झालं आणि खोली वेगळी वाटायला लागली. ती आधीही शांत होती. पण बोलणाऱ्यापुढे कोणीतरी आपलं बोलणं थांबवून लक्ष देतं, तशी ती आता शांत झाली. पंखा बंद होता. कपाटावरचं कापड हललं नाही, कसला आवाज आला नाही. तरी मला पळून जावंसं वाटलं, आणि पळालो तर पुन्हा आत येता येणार नाही हेही कळत होतं.

मी बसून राहिलो आणि बोलायला लागलो. आधी मार्थाचीच माफी मागितली. मग नेल्सनची. मग पाट्यांच्याही मागे गेलो, फरक काय पडतो हे मी कधी ठरवलं तिथपर्यंत. बोलता बोलता मध्येच लक्षात आलं की मी कपाटाकडे बघत नाहीये, आणि ज्याच्याशी बोलतोय तो त्या बोचक्यात नाही. त्याला हे सगळं आधीच माहीत होतं. मार्थाचं आडनावही माहीत होतं. लहानपणापासून हजारो वेळा मी प्रार्थना म्हटली होती, पण पलीकडे कोणी ऐकत असेल अशी शक्यता धरून कधी म्हटली नव्हती. त्या दुपारी मी घाबरलो होतो, हे खरं आहे. लोक म्हणतात की देव भेटला की शांती मिळते. मला शांती नंतर मिळाली. आधी भीती वाटली, आपण इतकी वर्षं ज्याच्यासमोर हे सगळं केलं तो तिथेच उभा होता याची.

गुरुवारी हिल्डाबाई आल्या. आत आल्या नाहीत, दारातून बोलल्या. "तुला काढायला सांगितलंय मी. अजूनही सांगणार आहे."

"बरोबर आहे."

"हिला कुठे टाकणार तू?"

"विहिरीत. नियम तोच आहे."

"नाही. आमच्या कोनाड्यात ठेव. माझ्या नवऱ्याशेजारी."

मी कपाटावरचं बोचकं खाली घेतलं. त्या म्हणाल्या, "अडीच वर्षं माझं सगळं ऐकलंय तिने. सुनेबद्दलसुद्धा. आता बाहेर कुठे टाकू?" त्यांना हसू आलं नव्हतं, मलाही नाही.

मग त्यांनी विहिरीचं झाकण उघडायला लावलं. आम्ही ते कोणासाठी उघडत नाही. मी उघडलं. त्या कठड्याला धरून वाकल्या. आत काळोखाशिवाय काही दिसत नाही. त्यांनी खूप हळू आवाजात हाक मारली, "नेल्सन."

विहिरीतून आवाज परत येतो, हे मला माहीत आहे. झाकण उघडून मी आणि सखाराम कितीदा बोललोय. त्या दिवशी तो जरा उशिरा आला, इतका उशिरा की मी येणारच नाही असं धरून झाकणाला हात लावला होता. हिल्डाबाई मात्र वाट बघत वाकूनच होत्या.

सरळ झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. "देव तुझ्या पत्र्यांवर अवलंबून असता तर माझं काही खरं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्याला नावं माहीत आहेत. तुला माहीत नव्हती, म्हणून तू शिक्षा भोग."

मी भोगली. तीन महिने घरी बसवलं, वर लेखी ताकीद. परत आल्यावर मी एक पद्धत सुरू केली. औषधाच्या काचेच्या छोट्या बाटलीत मृताचं नाव कागदावर लिहून ठेवायचं, बूच मेणाने बंद करायचं आणि शवपेटीत उशाशी ठेवायचं. वर पाटी वाहून गेली तरी खाली नाव राहतं. काच मातीला खाता येत नाही. सुरुवातीला सगळे हसले. नंतर कमिटीने तो नियमच केला. एकेक नाव लिहिताना मी ते मोठ्याने उच्चारायचो. हेच काम मी आधीही करत होतो, पण आता प्रत्येक खड्डा कोणाचा तरी होता आणि तो कोणाचा हे विचारणारा होता. पुनरुत्थान कसं होईल ते मला सांगता येत नाही. कापडातलं जे मी बघितलं तेही खोटं नाही. पण तेवढंच असतं असं आता मला वाटत नाही, आणि उरलेलं आयुष्य मी याच एका गोष्टीवर उभं केलं.

एक बोच मात्र जात नाही. त्याआधीच्या वर्षांत अशा किती पाट्या मी अंदाजाने रोवल्या, ते मला माहीत नाही.

हिल्डाबाई नंतर बरीच वर्षं जगल्या. माझ्याशी मोजकंच बोलायच्या, पण नाताळला डबा पाठवायच्या. त्यांना मीच पुरलं. मुदत संपल्यावर मीच त्यांना त्या कोनाड्यात ठेवलं, नवरा आणि मार्था यांच्यामध्ये.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्याकडे मृतांचा दिवस असतो. सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी भरते. विहिरीकडे कोणी जात नाही, तिथे कोणाचीच पाटी नाही. निवृत्तीनंतर त्या दिवशी मी ऑफिसच्या परवानगीने जुनी रजिस्टरं घेऊन विहिरीपाशी बसतो आणि जी नावं आत गेली ती वाचतो. पुष्कळ नोंदी अर्धवट आहेत. कुठे नुसतं नाव, कुठे नावापुढे धंदा. उन्हं उतरेपर्यंत जेवढी होतील तेवढी वाचतो, दर वर्षी जिथे थांबलो तिथून पुढे.

गेल्या वर्षी खूप जुन्या वहीतली पानं चालली होती. कागद हाताला तुटत होता. मी वाचलं, "अंतोन पाववाला, लालबाग."

"हो," असं माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं.

मी लगेच वळलो नाही. वळायचं नाही ही जुनी सवय. मग वळलो. साठी उलटलेले एक गृहस्थ हातात न पेटवलेली मेणबत्ती घेऊन उभे होते. आपण बोललो याचा त्यांनाच धक्का बसल्यासारखे दिसत होते.

"तुमचे कोण?" मी विचारलं.

"वडील. सायकलवरून पाव विकायचे. एकदा गेले ते आलेच नाहीत. पुष्कळ वर्षांनी कोणीतरी सांगितलं की रस्त्यात गेले, इथे कुठेतरी पुरलं. ऑफिसात म्हणाले आमच्या आडनावाची नोंद नाही. दर वर्षी येतो, कबरींवरची नावं वाचत फिरतो." ते थांबले. "इकडे कधी आलो नव्हतो."

मी सरकून कठड्यापाशी त्यांना जागा केली. त्यांनी चपला काढल्या, झाकणाजवळ बसले, पण मेणबत्ती तशीच हातात धरून ठेवली.

"परत एकदा वाचता का?" ते म्हणाले.

मी बोट ओळीवर ठेवलं आणि परत वाचलं, या वेळी जरा मोठ्याने.